शिळावर्तुळं पाहायला निघालात तर हा नारिंगी नकाशा घ्याच

एकतीस वर्षं मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलं. त्यामुळे कुठलाही नकाशा हातात आला की आधी नजर प्रमाणाकडे जाते, मग उत्तरेच्या बाणाकडे, मग खुणांच्या यादीकडे. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी संस्थेचा ‘एक्सप्लोरर’ मालिकेतला नारिंगी कव्हरचा कागदी नकाशा मी मे महिन्यात आठ दिवस रोज उलगडला आणि रोज घडी घातला. तिथली प्राचीन शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार रोवलेले मोठाले दगड, बघत आम्ही खेड्यापाड्यांतून फिरलो ते त्याच्याच भरवशावर. अभिप्राय नकाशाचा आहे, पण वर्तुळांबद्दल बोलल्याशिवाय तो लिहिता येणार नाही. नकाशाचा कस लागला तो तिथेच.

पहिल्या दिवशी नकाशा नव्हता. मुलगी मँचेस्टरला असते. भाड्याची गाडी तिनं घेतली, ती चालवणार, मी शेजारी, ही मागे. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट हा डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे; त्याच्या दक्षिण टोकाला स्विनसाइड नावाचं शिळावर्तुळ आहे, ते वाटेत बघू असं ठरलं आणि फोनवर नाव टाकलं. ब्रॉटन गाव मागे पडल्यावर फोननं आम्हाला एका बोळात घातलं. दोन्ही बाजूंना छातीएवढे गडगे, मधोमध गवत वाढलेलं, आणि टोकाला शेताचं बंद फाटक. तिथे पोचल्यावर फोन म्हणाला, मुक्काम आला. समोर गाई होत्या, वर्तुळ नव्हतं. पडद्यावर बघितलं तर एक निळा ठिपका आणि भोवती कोरं रान. भिंत नाही, ओढा नाही, चढ कुठे उतार कुठे काही नाही. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. त्या बोळातून गाडी मागे घेताना मुलीचे हात थरथरत होते. ट्रॅक्टरवाला सज्जन होता. त्यानं खाली उतरून तिला चाक कुठे वळवायचं ते दाखवलं आणि दगडांचं विचारल्यावर डोंगराच्या पलीकडे हात केला. तोवर पाऊस लागला. काही न बघता केस्विकला मुक्कामी गेलो. रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी नकाशा घेतला. ओएल ४, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टचा वायव्य भाग.

खोलीवर पलंगावर पसरला आणि मला खरोखर भरून आलं. प्रमाण १:२५,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर. आपल्याकडची टोपोशीट साधारण १:५०,००० ची, तिथे तोच किलोमीटर दोन सेंटिमीटरांत मावतो. या दुपटीचा फरक काय पडतो? शेताचा प्रत्येक बांध दिसतो. बारीक काळ्या रेषेनं प्रत्येक गडगा, प्रत्येक कुंपण काढलेलं आहे. ज्यानं गटनकाशा घेऊन शिवारात पाय तुडवलेत त्याला याचं मोल सांगायला नको. माळावर उभं राहून ‘मी कुठे आहे’ हे कळायचं असेल तर डोंगर उपयोगी पडत नाही, तो खूप मोठा असतो. बांधाचा कोपरा उपयोगी पडतो. तिसरी भिंत ओलांडली, डावीकडे कोपरा काटकोनात वळला, समोर ओढा, म्हणजे मी इथे. हे ज्या नकाशात करता येतं तोच चालणाऱ्याचा नकाशा.

याच संस्थेचा गुलाबी कव्हरचा ‘लँडरेंजर’ही मिळतो. तो १:५०,००० चा, एकाच कागदात मोठा मुलूख दाखवतो, गाडीनं फिरायला उत्तम. पण त्यात हे बांध नाहीत. वर्तुळांपर्यंत पायी जायचं असेल तर नारिंगीच घ्यावा.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. हिरव्या तुटक रेषांनी सार्वजनिक पायवाटा दाखवल्यात: आखूड रेघा म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, लांब रेघा म्हणजे घोड्यावरून जायलाही मुभा. इंग्लंडमध्ये अशी वाट खाजगी शेतातून गेली तरी तिथून चालण्याचा हक्क कायद्यानं कुणालाही आहे. वहिवाटीचा हक्क सिद्ध करायला लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात हे मी आयुष्यभर जवळून पाहिलेलं. इथे तोच हक्क रंगवून छापलाय, दुकानात विकत मिळतो. आणि तळाशी प्रामाणिकपणे लिहिलंय की याशिवाय नकाशावर दिसणारा कुठलाही रस्ता, गाडीवाट किंवा पायवाट म्हणजे वहिवाटीच्या हक्काचा पुरावा नव्हे. हे वाक्य मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. स्कॉटलंडमधला कायदा निराळा असल्यानं तिथल्या शीटवर या हिरव्या हक्काच्या रेघा नसतात, हे तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता मूळ मुद्दा. या नकाशात पुराणवास्तूंची नावं वेगळ्या अक्षरांत छापतात. रोमन काळाआधीचं किंवा नंतरचं जे काही असेल ते जुन्या पोथीसारख्या टोकदार, वळणदार गॉथिक अक्षरांत. रोमनांचं असेल तर साध्या मोठ्या ठशात. म्हणजे वाचता वाचता नजर आपोआप अडखळते. कुठे दगडांची रास, कुठे थडग्याचा उंचवटा, कुठे एकटा उभा दगड, आणि मधूनच ‘स्टोन सर्कल’. मुलगी म्हणाली, “बाबा, हे तर केवढे आहेत!” खरंच. प्रवासाच्या पुस्तकांत पाच-सहा नावं फिरून फिरून येतात. कागदावर बोट फिरवलं तर एखाद्या माळावर, जिथे गाडी जात नाही, पाटी नाही, तिकीट नाही, तिथेही ती अक्षरं निघतात.

हे आपोआप झालेलं नाही. ऑर्डनन्स सर्व्हे ही १७९१ पासूनची संस्था, मूळ तोफखान्यासाठी निघालेली. फ्रेंच चाल करून येतील या धास्तीनं किनाऱ्याचे नकाशे हवे होते. पहिला छापील नकाशा १८०१ चा, केंट परगण्याचा. तेव्हापासून मोजणीदार वाटेत दिसलेले जुने दगड-उंचवटे टिपत होतेच, पण १९२० मध्ये संस्थेनं ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना खास पुरातत्त्व अधिकारी म्हणून नेमलं आणि या नोंदींना शिस्त आली. मोजणी खात्यात पुरातत्त्वाचा माणूस! या एका नेमणुकीबद्दल मला त्या संस्थेविषयी जो आदर वाटतो तो शब्दांत मांडणं अवघड आहे.

केस्विकहून कॅसलरिगचं वर्तुळ दीडेक मैलावर आहे. गाडी दारापर्यंत जाते, पण आम्ही चालत गेलो. हिच्या गुडघ्यांचं दुखणं आहे, म्हणून आधी समोच्च रेषा मोजून घेतल्या. डोंगराळ भागात या रेषा दर दहा मीटरांना आहेत. जिथे रेषा दाट, तिथे चढ. तिथे थांबायचं, पाणी प्यायचं. ‘अजून दोन रेषा’ असं सांगत सांगत तिला वर नेलं आणि हिशेब चुकला नाही.

वर गेल्यावर एक फाटक, मेंढ्यांचं कुरण, आणि कुरणात ते वर्तुळ. ३८ दगडांचं, सुमारे ३० मीटर व्यासाचं, आतल्या अंगाला दहा दगडांचा एक लांबट चौकोन. पाच हजार वर्षांपूर्वीचं समजतात. ३० मीटर म्हणजे या नकाशावर सव्वा मिलिमीटरही नाही, मोहरीच्या दाण्याएवढी जागा. त्या दाण्याशेजारी गॉथिक अक्षरं आणि दाण्याभोवती सगळा डोंगरपसारा.

मी एका सपाट दगडाशेजारी गवतावर नकाशा अंथरला, चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या (पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, मुलीचा बूट, माझी टोपी) आणि होकायंत्रावर उत्तर लावून घेतली. मग पेन्सिल आडवी धरून एकेक शिखर घेतलं. उत्तरेला स्किडॉ, ९३१ मीटर. ईशान्येला ब्लेनकाथ्रा, ८६८ मीटर, माथ्यावर खोगिरासारखा खोलगा. दक्षिणेकडे, जरा पूर्वेला सरकून, हेल्वेलिन, ९५० मीटर. प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा मोजणीचा फळा, घेऊन काम केलेल्या माणसाच्या हातात ही हालचाल मुरलेली असते. वीस वर्षांनी ती हाताला आठवली. नकाशात बघितलं तर या कुरणाच्या जागी समोच्च रेषा एकदम विरळ होतात आणि चहूबाजूंनी दाट होत जातात. म्हणजे ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी परातीच्या मध्ये ठेवावा तसा हा सपाट टप्पा निवडला, जिथून सगळा कडा दिसतो. मोजणीची उपकरणं नसताना जागा इतकी नेमकी निवडली, हे त्या कागदाशिवाय मला इतकं स्पष्ट दिसलं नसतं. डोळ्यांना डोंगर दिसतात. ‘मधोमध’ हे नकाशा दाखवतो.

ही तोवर दगडांना हात लावत फिरत होती. एका दगडाच्या सावलीत कोकरू बसलेलं, ते उठलं नाही. दगडाचा पोत तिनं मला बोलावून दाखवला: उत्तरेच्या बाजूला राखाडी आणि पिवळसर दगडफूल चढलेलं, आणि खालच्या हातभर भागात दगड अगदी गुळगुळीत, मेंढ्यांनी अंग घासून घासून. लोकरीचे दोन तंतू तिथे अडकले होते, ओले.

हे वर्तुळ टिकलं त्याला माणसांचीही मदत आहे. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा १८८२ मध्ये झाला आणि पहिल्या काही वास्तूंत कॅसलरिगचा समावेश होता. १९१३ मध्ये कॅनन रॉन्सली हे पाद्री आणि इतर काही जणांनी ही जागा विकत घेतली आणि ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. प्रवेशाला पैसे नाहीत.

लाँग मेग नावाच्या पुढच्या वर्तुळाला गेलो तेव्हा दुसरी शीट लागली, आणि ही या मालिकेची पहिली अडचण म्हणून सांगतो. सगळा ब्रिटन ४०३ शीटमध्ये विभागलाय. वर्तुळं पाहत फिरणारा माणूस एका शीटमध्ये मावत नाही. खर्च वाढतो, पिशवीचं वजन वाढतं. हल्ली प्रत्येक कागदी नकाशासोबत एक कोड येतो, तो खरवडून तोच नकाशा फोनवर उतरवता येतो. मुलीनं तसं केलं आणि ते चांगलं चाललं, कारण आता निळा ठिपका कोऱ्या रानात नव्हता, बांधांच्या मध्ये होता. पण आम्ही ठरवून गाडी थांबवायचो ती कागदाकडे बघून. फोनवर आपण असतो तेवढंच दिसतं. कागदावर, आपण जिथे नाही तेही दिसतं, आणि प्रवासात तेच हवं असतं.

लाँग मेग म्हणजे पेनरिथजवळच्या लिटल सॅल्केल्ड खेड्याबाहेरचा सुमारे साडेतीन मीटर उंचीचा तांबड्या वालुकाश्माचा खांब. वर्तुळाच्या किंचित बाहेर, नैऋत्येला उभा. त्याच्या एका अंगावर चक्राकार रेघा कोरलेल्या आहेत. त्या मला आधी दिसल्या नाहीत, ऊन तिरकं झाल्यावर एकदम वर आल्या. मी बोट न टेकवता हवेतच त्या रेघांवरून फिरवलं, आतून बाहेर. बाकीचे दगड म्हणजे मेगच्या लेकी, राखाडी, आडदांड, कुणी उभ्या, कुणी लोळलेल्या. वर्तुळ एवढं मोठं, शंभर मीटरच्या आसपास, की शेतावर जाणारा डांबरी रस्ता सरळ त्याच्या पोटातून जातो. नकाशावर हे चार मिलिमीटर होतात, आणि तो रस्ता त्यांना छेदून जाताना दिसतो. मुलीला आधी वाटलं छपाईची चूक असेल.

लोककथा अशी की या साऱ्या चेटकिणी, मांत्रिकानं दगड केलेल्या. कुणी दोनदा मोजून सारखाच आकडा आणला तर मंत्र सुटेल. ही एका बाजूनं निघाली, मी दुसऱ्या. माझे सहासष्ट आले, तिचे अडुसष्ट. “अहो, तो गाडलेला धरलात का?” नव्हता धरला. हद्दीचे दगड मोजताना हाच प्रश्न यायचा. मातीवर चार बोटं दिसणारा दगड धरायचा की नाही? दोन तुकडे जवळ पडलेत, ते एकाच दगडाचे की दोन? लोकांना मंत्र वाटला तो यातून आला असावा. दगड मोजणं सोपं आहे असं ज्यानं कधी मोजले नाहीत त्यालाच वाटतं.

इथे हिनं जुनापाणीची आठवण काढली. माझी बदली नागपूरकडे होती तेव्हा एका रविवारी आम्ही ती शिळावर्तुळं पाहिली होती. तिथे शेकडो वर्तुळं आहेत, दगड गुडघ्याएवढे, काहींवर ओळीनं खळगे पाडलेले. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथे खोदकाम केलं होतं. पण ती लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, आणि पोटात दफनं असलेली. इथली वर्तुळं त्याहून दोन-अडीच हजार वर्षं जुनी आणि बहुतेक दफनासाठी नव्हेत. दिसायला बहिणी, नातं काही नाही. तरी लाँग मेगच्या रेघांपुढे उभं राहून ही म्हणाली, “तिथलेही खळगे असेच उन्हात दिसले होते, आठवतं?” मला आठवलं.

एव्हबरी सगळ्यात शेवटी पाहिलं, पण आधी सांगतो, कारण त्याचा नकाशाशी संबंध आहे. विल्टशरमधलं हे जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ. बाहेरचा मातीचा बांध चारशे मीटरहून रुंद जागा घेरतो. १५७ नंबरच्या शीटवर तो दीड सेंटिमीटरच्या वर भरतो, आणि आत चक्क गाव आहे. घरं, पब, चार रस्त्यांचा चौक. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला मुळात नऊ-दहा मीटर खोल असलेला खंदक आणि पलीकडे माणसापेक्षा दुप्पट उंच शिळा, मध्येच मेंढ्या, मध्येच बस. स्टोनहेंजला दगडांपासून दूर दोरीमागून फिरावं लागतं. एव्हबरीत दगडाला पाठ टेकून बसता येतं. दोन्हींतलं एकच बघायचं असेल तर मी निःशंक एव्हबरी सांगेन.

पण एव्हबरीतले बरेच दगड आज नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकांत लोकांनी खड्ड्यात आग पेटवून ते तापवले, वर गार पाणी ओतून तडकवले आणि घरांना वापरले. कुठे कुठला दगड होता हे आपल्याला कळतं त्याला मोजणी कारण आहे. १६४९ मध्ये जॉन ऑब्री हा पुराणवस्तूंचा अभ्यासक शिकारीच्या निमित्तानं तिथून गेला आणि दगड पाहून थबकला. १६६३ मध्ये त्यानं प्लेन टेबल लावून त्याचा आराखडा काढला. प्लेन टेबल! माझ्या हातातली वस्तू, साडेतीनशे वर्षांपूर्वी, त्या बांधावर. पुढे १७२० च्या सुमाराला विल्यम स्टुकली हा दुसरा अभ्यासक वर्षामागून वर्षं येत राहिला, डोळ्यांदेखत दगड फुटत होते आणि तो मोजून, काढून, लिहून ठेवत होता. त्याला एकही दगड वाचवता आला नसेल, पण टिपण राहिलं. १९३० च्या दशकात अलेक्झांडर किलर या मार्मालेडच्या कारखानदाराच्या वारसानं स्वतःच्या पैशानं उत्खनन केलं, गाडलेले दगड पुन्हा उभे केले आणि नष्ट झालेल्यांच्या जागी काँक्रीटचे छोटे खुंट बसवले. हाच किलर १९२४ मध्ये क्रॉफर्डसोबत विमानातून या भागाची छायाचित्रं घेत होता. १९३८ मध्ये एका दगडाखाली त्यांना माणसाचा सांगाडा सापडला, जवळ कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी.

मी त्या काँक्रीटच्या खुंटांपाशी जास्त वेळ थांबलो. लोक उभ्या दगडांचे फोटो काढत होते. माझ्या लेखी ते खुंट म्हणजे हद्द कायम केल्याच्या खुणाच.

आता उणिवा, कारण पैसे देऊन घेणाऱ्यानं त्या जाणून घ्याव्यात. ‘स्टोन सर्कल’ ही अक्षरं सगळीकडे सारखीच छापलेली असतात. कॅसलरिगलाही तीच आणि नेच्यात बुडालेल्या घोट्याएवढ्या सात दगडांनाही तीच. तासभर चिखल तुडवून अशा एका ठिकाणी आम्ही पोचलो. मला ते आवडलं, मुलीला नाही. दगड किती, केवढे, याची माहिती घरूनच वाचून जावी. दुसरं, वाट हिरवी दिसली तरी ती कशी आहे ते नकाशा सांगत नाही. गडग्यावरून चढून जायच्या दगडी पायऱ्या आहेत की एका वेळी एकच माणूस आत घेणारं फिरतं फाटक, हे गुडघे दुखणाऱ्याला माहीत असायला हवं. वाटेत बैल आहे का हे अर्थातच छापता येणार नाही. तिसरं, वर्तुळ वाटेच्या कडेला असलं तरी ते खाजगी शेतात असू शकतं, आणि तिथे वाटेचा हक्क वर्तुळापर्यंत पोचतोच असं नाही. आणि वारा. पूर्ण उलगडलेला नकाशा एकट्यानं डोंगरावर धरता येत नाही. हवा तेवढा चौकोन बाहेर राहील अशी घडी गाडीतच घालून न्यावी. पावसाच्या प्रदेशासाठी प्लास्टिकचा लेप दिलेली आवृत्ती मिळते, ती जड आणि जाड आहे, पण पुढच्या वेळी मी तीच घेईन. तिच्यावर पेन्सिल नीट उठत नाही एवढीच खंत.

केस्विकहून परतताना आम्ही स्विनसाइडला पुन्हा गेलो. त्यासाठी ओएल ६ घेतला होता. आदल्या रात्री कागदावर तो बोळ सापडला, ज्यात आम्ही अडकलो होतो. वर्तुळ तिथून खरोखरच डोंगराच्या पलीकडे होतं, मध्ये एक दरी आणि तीन बांध. मुलीनं ते बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. “म्हणजे माझी चूक नव्हती,” म्हणाली. तिची नव्हतीच.

योग्य बाजूला रस्त्याकडेला गाडी लावली आणि शेतावर जाणारी गाडीवाट धरली. सुमारे दीड किलोमीटर, सगळा चढ, पण लांब हिरव्या रेघांचा. म्हणजे हक्काचा. पाऊस भुरभुरत होता. शेतघराच्या अलीकडे उजव्या हाताला उतारावर ते दिसलं: ५५ दगड, जवळजवळ अंगाला अंग लावून, कॅसलरिगएवढंच पण जास्त बंद, जास्त जवळचं. आग्नेयेला दार, बाहेरच्या अंगाला दोन जादा दगड, चौकटीसारखे. याला ‘बुडालेलं देऊळ’ अशा अर्थाचं दुसरं नाव आहे. दिवसा लोक चर्च बांधायचे आणि रात्री सैतान ते जमिनीत ओढायचा, अशी गोष्ट. १९०१ मध्ये इथे उत्खनन झालं, कोळशाचे आणि हाडांचे बारीक तुकडे सोडले तर फारसं हाती लागलं नाही.

शेत खाजगी आहे, म्हणून आम्ही वाटेवरच थांबलो. तिथूनही सगळं दिसतं. कुणीही नव्हतं. मेंढ्या वर्तुळाच्या आत चरत होत्या आणि दारातून बाहेर येत होत्या. वीसेक मिनिटांनी पाऊस थांबला आणि दगड ओले, काळे, चकचकीत झाले.

ही गडग्याला टेकून बसली होती. म्हणाली, “कुठे आहोत आपण, दाखवा.” मी घडी उघडली, गडग्याचा कोपरा शोधला, शेतघर शोधलं, आणि गॉथिक अक्षरांच्या किंचित खाली बोट ठेवलं. तिनं माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, टोक जिभेला लावलं आणि बांधाच्या त्या काळ्या रेषेला चिकटून एक टिंब केलं.

“इथे मी बसलेय,” म्हणाली.